हिरव्या शुक्रवारचं खोटं व्रत

कल्याणात चार-सहा घरांतून हिरव्या शुक्रवारचं व्रत अजून करतात. झाकल्या पाटीवर हळदकुंकू वाहतात, तोंड फिरवून वेलीच्या मुळाशी मूठ टाकतात, दिवसभर अळणी खातात आणि दिवेलागणीला कहाणी सांगतात. मागच्या श्रावणात एका शेजारणीने मला विचारलं, "आजी, ह्याची खरी कहाणी कोणती हो? आमच्यात दोन तऱ्हांनी सांगतात." मी म्हटलं, दोन्ही खऱ्या. दोन्ही माझ्याच. सोळाव्या वर्षी ओटीवर बसून घाबरत घाबरत रचली, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिली नीट आठवली नाही म्हणून फरक पडला. व्रतही मीच काढलं. देवीने क्षमा केली असावी, कारण मी अजून आहे आणि माझे दातही बरेचसे आहेत.

माझं माहेर ठाण्याचं, सासर कल्याणचं. सासरचा पानमळा मोहन्याच्या वाटेवर नदीच्या अंगाला होता आणि घर मळ्याला लागूनच. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवरीची आणि पांगाऱ्याची झाडं ओळीने लावायची, त्यांच्यावर पानवेली चढवायच्या आणि भोवती दाट कूड घालायचा. आत गारवा, अर्धवट उजेड, आणि सोवळं इतकं की देवघर परवडलं. वहाणा घालून आत जायचं नाही, थुंकायचं नाही, पाय धुतल्याखेरीज पाऊल टाकायचं नाही. बाईने तर जायचंच नाही. दाराशी चढाच्या बाजूला एक दगडी डोण पाण्याने भरलेली असे. पुरुष तिथे पाय चोळचोळून धूत आणि मग आत शिरत. ते धुणवणी पाटात उतरे आणि पाटातून वेलींना मिळे. पाणी वाया घालवायची आमच्या घरात रीत नव्हती.

लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दहाव्या वर्षी एक करडू सुटून मळ्यात शिरलं आणि मी त्याच्या मागे. करडू धरलं, काखेत मारलं, बाहेर आले. झालं एवढंच. पण मला बाहेर येताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी पाहिलं, आणि त्याच पावसाळ्यात वेली मरू लागल्या. आधी पान पिवळं पडायचं, मग वेल मान टाकायची, आणि ओढून बघावी तर मुळाशी काळी पडून कुजलेली, सहज हातात यायची. त्याच्या आधीच्या वर्षी एकही वेल मेली नव्हती का, हे कुणी आठवून पाहिलं नाही. मी पांढऱ्या पायाची ठरले. पुढची सहा वर्षं मेलेली प्रत्येक वेल माझ्या नावावर जमा होत गेली, आणि करडू मात्र मोठं होऊन जत्रेत कापलं गेलं, त्याला कुणी बोल लावला नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घराचा कारभार मामंजींच्या थोरल्या बहिणीच्या हाती होता. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. त्या चौदाव्या वर्षी सासरहून परत आल्या त्या कायमच्या. का आल्या, ते घरात कुणी बोलत नसे. त्यांच्या नवऱ्याने दुसरी केली, पुढे तो वारला, आणि ज्याच्याजवळ धड दोन वर्षं नांदल्या नाहीत त्याच्यासाठी आत्याबाईंनी कुंकू पुसलं आणि पान खाणं सोडलं. पानमळेवाल्याच्या घरात राहून वीस-पंचवीस वर्षं पान तोंडात नाही. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत त्या इतक्या कडक होत्या की कावळासुद्धा आमच्या अंगणात पाय पुसून उतरत असावा.

मी सोळा वर्षांची झाले त्या ज्येष्ठात मामंजी जेवता जेवता आत्याबाईंना म्हणाले, "अक्का, यंदाच्या पावसात वेली तगल्या तर ठीक. नाही तर दसरा झाला की सूनबाईला ठाण्याला पोचती करू. मुलाचं दुसरं बघू."

मी दाराआड उभी होते. आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, समोर बसून भाकरी मोडत होते, ते मोडतच राहिले. त्यांचा स्वभाव गरीब. त्या वेळी मला ते गरीब वाटले नाहीत, दगड वाटले. मला रडू कोसळलं. परत पाठवलेल्या बाईचं पुढे काय होतं, ते मी सहा वर्षं आत्याबाईंच्या रूपाने रोज बघत होते.

आता माझ्याकडेही एक गोष्ट होती, पण ती ऐकायला कुणी नव्हतं. करंजाची पेंड कुटून वेलींना घालत, आणि ती कुटायचं काम माझं. उखळ कुडाला लागून होतं. कुडाच्या फटीतून मला सगळा मळा दिसे. आत जायची बंदी होती, बघायची नव्हती. सहा वर्षं कुटता कुटता मी बघत होते की वेली कशाही मरत नाहीत, रांगेने मरतात. आधी डोणीजवळच्या, मग पाटाकाठच्या. पाट जिथे वळे तिथे मरणही वळे. नदीकडच्या कोपऱ्यात पाट पोचत नसे, तिथे घड्याने पाणी घालत, आणि तिथली एकही वेल गेली नव्हती. आणखी एक. मामंजी मेलेली वेल उपटत, की लगेच डोणीवर येऊन हातपाय स्वच्छ धूत, विटाळ नको म्हणून. ते पाणी पुन्हा पाटात. मेलेल्याची घाण जिवंतांना पाजत होते, आणि तीही सोवळ्याने.

मी हे आमच्या घरच्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मळ्यातलं बायकांना काय कळतं?"

मी म्हटलं, "वेली माझ्या पायांनी मरतात हे कळतं, आणि तुमच्या पायधुणीने मरतात हे कळत नाही होय?" त्यावर ते बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना त्या वर्षी फार पाणी मिळालं.

त्याच ज्येष्ठात ठाण्याची मावशी आली. ही आमच्या माहेरच्या वाडीशेजारची किरिस्ताव बाई. त्यांचीही शेती आणि थोडा पानमळा होता, नवरा खाडीत मासे धरी. पावसाळ्याच्या तोंडावर ती आगगाडीने सुकी मासळी घेऊन कल्याणच्या बाजारात येई आणि माझ्या आईचा निरोप द्यायला आमच्या अंगणाच्या कडेला टेकत असे. गुडघ्यापर्यंत तांबडं चौकडीचं लुगडं, कानाच्या पाळ्या सोन्याने ओघळलेल्या, डोक्यावर पाटी. ती गेली की आत्याबाई ती जागा शेणाने सारवीत.

"काय गो, तोंड कला पारून बसलीस?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली. मला राग आला.

"आमचे वाडीन पन मरायच्या वेली," ती म्हणाली. "मंग एकदा काय झाला, आमचे घोवान भात शिजवून मडक्यान घातलेला, दारूसाठी. तवरच्यान आबकारीचा शिपाय आला. मी मडका उचलला नि वेलीचे मुळाशी पालथा केला, वर पाला ढकलला. शिपाय गेला नि मी इसरली. आठ दिसांनी बगते तं भात हिरवागार, शेवालासारका. घोव बोंबलला, भात नासवलास म्हनून. पन त्या वरसाला आजूबाजूच्या वेली गेल्या, ती येक नाय गेली."

"मग?"

"मंग आता दर वरसाला घालतो. पन कोंड्याची बुरशी करून. भात कला वाया घालवू?"

पुढच्या आठवड्यात तिने केळीच्या पानात बांधून मूठभर हिरवा कोंडा आणून दिला. दह्याला विरजण लागतं तसं ह्यालाही लागतं म्हणाली. ओल्या कोंड्यात मिसळायचं, गोणपाटाने झाकायचं, हिरवं झालं की मुळाशी घालायचं. काळं पडलं, घाण मारली, तर फेकायचं. ते पुडकं मी ओच्यात लपवून आत नेलं, आणि आत्याबाईंनी तिची जागा सारवली.

पहिलं मडकं बिघडलं. मी कोंडा भिजवला तो आंबोळीच्या पिठासारखा, आणि चौथ्या दिवशी गोठ्यात असा वास सुटला की गाय माझ्याकडे तिरकी बघू लागली. आत्याबाई म्हणाल्या, "गोठ्यात काहीतरी मेलंय."

"उंदीर असेल," मी म्हटलं.

त्या उंदरासाठी आत्याबाईंनी सबंध गोठा दोन दिवस उपसला. त्यांच्यामागे टोपली धरून मीही शोधत होते, आणि मडकं टोपलीतच होतं.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. पुडक्यातलं राखून ठेवलेलं विरजण कोंड्यात मिसळलं, थोडी करंजाची पेंड घातली आणि पाणी इतकंच शिंपडलं की मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब येऊ नये. चौथ्या दिवशी वर पांढरी साय धरली, सातव्या दिवशी ती हिरवी झाली. वास आला तो पावसात भिजलेल्या मातीचा. मला इतका आनंद झाला की मी गाईच्या पाठीवर थाप मारली.

पण मावशीच्या शब्दावर संसार पणाला लावायचा तर आधी डोळ्यांनी बघायला हवं. मेलेल्या वेली बाहेर टाकत आणि आत्याबाई त्या पाणी तापवायला चुलीत घालत. त्यातलं एक मूळ मी पळवलं. त्याच्या बुंध्याला कापसासारखे पांढरे तंतू होते आणि त्यांच्यात मोहरीएवढे तांबूस दाणे. ते मूळ मी खापरात हिरव्या कोंड्यावर ठेवलं आणि रोज जाऊन बघू लागले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी हिरवं कडेने चढू लागलं. सहाव्या दिवशी पांढरा तंतू औषधाला उरला नव्हता, आणि दाणे नखाने दाबले तर पिचकत होते. बुरशी बुरशीला खात होती. काट्याने काटा काढतात हे मी ऐकलं होतं, खाताना पाहिलं ते तेव्हाच. का खाते ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही. भूक लागत असेल.

आता हे मळ्यात न्यायचं कसं? मी जायची नाही, आमचे घरचे आत्याबाईंना विचारल्याशिवाय शिंकत नसत, आणि किरिस्तावाच्या घरची बुरशी पानमळ्यात घालते म्हटलं असतं तर दसऱ्यापर्यंतही वाट पाहिली नसती. मामंजी कुणाचं ऐकत नसत. फक्त देवाचं ऐकत, आणि देवाचं म्हणणं त्यांना आत्याबाईंकडून कळत असे. तेव्हा मी ठरवलं की वरूनच सुरुवात करावी.

गुरुवारी सकाळी मी आत्याबाईंच्या पाया पडले आणि म्हटलं, "आत्याबाई, देवी स्वप्नात आली होती."

त्यांनी जपाची माळ थांबवली. "कोणती?"

"हिरवी."

"हिरवी म्हणजे?"

"हिरवी म्हणजे... शुक्रवारची. म्हणाली, अकरा शुक्रवार माझं व्रत कर, मळा वाचेल."

आत्याबाईंनी माळ डबीत ठेवली. मग पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कहाणी सांग."

व्रत काढलं, नियम काढले, पण प्रत्येक व्रताला कहाणी असते हे मी साफ विसरले होते. मी डोळे मिटले. आत्याबाईंना वाटलं, भक्तीने.

"आटपाट नगर होतं," मी सुरू केलं, "तिथे एक पानमळेवाला होता. एके शुक्रवारी त्याच्या दारी खाडीपलीकडून एक म्हातारी आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, कानात जड सोनं, डोक्यावर पाटी, गळ्यात..." इथे मी जीभ चावली. मावशीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस असे. "गळ्यात पोत. म्हणाली, बाबा, एक पान दे. तो म्हणाला, आधी पाय धू. तिने पाय धुतले. ते पाणी पाटातून मळ्यात गेलं. म्हातारी कोपली. म्हणाली, साऱ्या गावची धूळ ह्या पायांना, ती तू माझ्या वेलींना पाजतोस? ज्या वाटेने हे पाणी जाईल, त्या वाटेने तुझा मळा जाईल."

देवी कशाला चिडेल ते मी आधी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं. सहा वर्षांचा माझा राग होता तो.

"मग?" आत्याबाई पुढे सरकल्या.

"मग त्याने पाय धरले. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही म्हणाला. म्हातारीने पाटीतून मूठभर हिरवं धान्य दिलं. म्हणाली, घरच्या सुनेने झाकून वाढवावं, कुणी बघू नये, पुरुषांनी तोंड फिरवून वेलीच्या मुळाशी मूठ मूठ घालावं. पाय धुवावे ते कुडाबाहेर, पाणी आळ्यात जिरवावं. मेलेली वेल मुळासकट काढून आल्या वाटेने बाहेर न्यावी, जाळावी, आणि त्या दिवशी पुन्हा आत जाऊ नये. तशी त्याला देवी पावली, तशी तुम्हांआम्हां पावो." आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी घाईघाईने संपवली.

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "व्रत कडक आहे. अळणी असणार."

"देवी तसं काही बोलली नाही."

"तू लहान आहेस, तुला ऐकू आलं नसेल. देवीच्या व्रताला मीठ नसतं. आणि मौन असणार, दिवेलागणीपर्यंत." असं करत करत त्यांनी माझ्या व्रताला सात नियम स्वतःचे जोडले. अळणी मी गिळलं असतं. मौन मात्र माझ्या मुळावर आलं. पुढे श्रावण लागला तेव्हा शुक्रवारी जिवतीही होती, तेव्हा एका दिवशी दोन उपास. आपण खणलेल्या खड्ड्यात आपणच पडावं, आणि वर आत्याबाईंनी माती लोटावी, असं माझं झालं.

पण कारभारात त्यांना तोड नव्हती. एकदा देवीचं म्हटल्यावर त्यांनी मामंजींना उभं करून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डोण मळ्याच्या दारातून हलवून कुडाबाहेर केळीच्या आळ्याशी बसवली. मी सहा वर्षं घसा कोरडा केला असता तरी ती दगडाची डोण तीळभर हलली नसती. आत्याबाईंनी ती चार माणसं लावून एका सकाळी हलवली, आणि माणसं पाय धुतात की नाही ते स्वतः बाहेर उभं राहून बघू लागल्या.

पहिल्या शुक्रवारी मी झाकलेली पाटी हळदकुंकू वाहून दाराशी ठेवली. मामंजी आणि आमचे घरचे ती घेऊन आत गेले. मी उखळाशी बसून फटीतून बघत होते. दोन मोठी माणसं मानेला लचक भरल्यासारखी तोंडं फिरवून चाचपडत चालली होती. आमच्या घरच्यांनी तिसरी मूठ मामंजींच्या पायावर घातली. मामंजींना वाटलं, देवीने पाय धरला. त्यांनी जागच्या जागी नमस्कार केला. मला मौन होतं, म्हणून पदर तोंडात कोंबून हसले.

त्या दिवशी आमच्या घरच्यांनी मला हळूच विचारलं, "ते हिरवं नक्की काय आहे?"

मौन सुटलं होतं. मी म्हटलं, "बघितलंत वाटतं?" त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आज हे लिहिते आहे, तर त्यांना वाचायला देणार नाही.

हसणं फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या शुक्रवारनंतर एक वेल गेली. तिसऱ्यानंतर आणखी दोन. बाहेर पाऊस धो धो, आणि मी फटीतून रोज वेली मोजत बसायचे. मामंजींनी बाजारातून परत निघालेल्या एका ठाणेकराबरोबर माझ्या वडलांना निरोप धाडला, दसऱ्याला येऊन मुलीला घेऊन जा. आत्याबाई म्हणाल्या, "व्रतात कुठेतरी खोट आहे." मी काय बोलणार? खोट सबंधच होती. त्या रात्री पहिल्यांदा मी खरोखरच देवीला हात जोडले. म्हटलं, तुझं नाव घेतलं हे खरं, पण बुरशी तरी तूच केलीस ना.

मग थांबलं. चौथा शुक्रवार गेला, पाचवा गेला. श्रावण अर्धा सरला. मेलेल्या वेलींच्या शेजारच्या वेली हिरव्या राहिल्या. मामंजी रोज आत जाऊन प्रत्येक बुंधा बोटाने दाबून बघत आणि बाहेर येऊन डोणीवर हात धूत. आठव्या शुक्रवारी ते ओटीवर बसून माझ्याकडे न बघता आत्याबाईंना म्हणाले, "अक्का, ठाण्याला दुसरा निरोप धाडा. यायचं कारण नाही म्हणावं." मी आत जाऊन पिठाच्या डब्याला मिठी मारली, दुसरं जवळ कुणी नव्हतं.

अकराव्या शुक्रवारी उद्यापन. एक सवाष्ण जेवायला हवी. आत्याबाईंनी शेजारच्या सुनेला बोलावलं होतं. पानं मांडली, पुरणाचा वास सुटला, पुरुष मुठी टाकून नदीवर आंघोळीला गेलेले, मी मौनात. आणि अंगणातून हाक आली.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मासळी पुन्हा सुरू झाली होती, आणि मावशी कल्याणच्या बाजारात आली होती. अंगणाच्या कडेला पाटी टेकवून ती साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गो, माजी बुरशी हिरवी झाली का नाय? का नासवलीस? वेली ऱ्हायल्या का?"

मला बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी काय बोलणार होते? आत्याबाई दारात गेल्या. त्यांनी मावशीकडे नीट पाहिलं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कानातलं सोनं, पाटी. मग वळून माझ्याकडे पाहिलं. सगळी कहाणी त्यांच्या डोळ्यांतून एकेक ओळ सरकताना मला दिसली.

"नवरा आहे का गं?" त्यांनी मावशीला विचारलं.

"हाय की. सकालीच भांडून आली."

"मग बस. जेवून जा."

आणि ज्या जागेवर आजवर मावशी उठली की शेण फिरायचं, त्याच जागेवर आत्याबाईंनी स्वतः पान मांडलं आणि पुरणपोळी वाढली. शेजारची सून आत एकटी बसून जेवली. मावशी चार पोळ्या खाऊन म्हणाली, "मीठ कमी हाय आमटीन." आत्याबाई म्हणाल्या, "मीठ नाहीच आहे. देवीच्या व्रताला नसतं." ती गेल्यावर ती जागा त्यांनी सारवली नाही.

मी दिवेलागणीची वाट बघत ओटीवर बसून होते. दिवा लागला. माझं मौन सुटलं. आत्याबाईच शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता उद्याच ठाण्याची गाडी.

"पायधुणीचं पण तिनेच सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते मी बघितलं. फटीतून. पाण्याच्या वाटेनेच मरतात, आत्याबाई. मेलेली वेल उपटून धुतलेल्या हातांचं पाणी पुढच्या वेलीला जातं. कोपऱ्यातली एकही मेली नाही."

त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "माझ्या सासरी पानमळाच होता. तिथेही डोण चढालाच होती. मी गेले त्या वर्षी वेली मरायला लागल्या. दोन वर्षं बघितली त्यांनी, आणि मग मला गाडीत घालून इथे आणून सोडलं." त्यांनी पाय पुढे केले आणि दिव्याच्या उजेडात बघितले, कुणा परक्याचे असल्यासारखे. "तीस वर्षं मी ह्यांना पांढरे समजत होते."

मी त्यांचा हात धरला, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हे पुरुषांना सांगू नकोस. बाईने बघितलं म्हटलं तर डोण परत दारात नेतील. व्रतच राहू दे. दरवर्षी अकरा शुक्रवार. अळणी."

"अळणी कशाला आता?" मी म्हटलं.

"खोटं बोललीस ना देवीच्या नावाने? मग खा अळणी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी आणि आमचे घरचे पानांची कवळी, म्हणजे रचून बांधलेल्या जुड्या, घेऊन बाजारात गेले होते. मी पेंड कुटत होते. आत्याबाई बाहेरच्या डोणीवर आल्या, पाय स्वच्छ धुतले, पाणी आळ्यात जिरेपर्यंत थांबल्या. मग मळ्याचं दार उघडून आत गेल्या. माझं मुसळ हातातच राहिलं. त्या रांगेतून सावकाश चालत कोपऱ्यातल्या जुन्या वेलीपाशी थांबल्या, एक कोवळं पान खुडलं, पदराला पुसलं, देठ मोडला आणि पान तोंडात घातलं. चुना नाही, कात नाही, नुसतं पान. डोळे मिटून त्या चावत राहिल्या.

मग कुडाच्या फटीकडे न बघताच म्हणाल्या, "तिथे काय बसलीस गं? पाय धू आणि ये आत."